आवाज बंद करून पाहिलेली बाई

आमच्या घरात टीव्हीचा आवाज बंद करण्याचा एक नियम होता. संध्याकाळच्या मालिकेतली स्वयंपाकीण पडद्यावर आली की बाबांनी रिमोट उचलून आवाज बंद करायचा आणि ती गेली की पुन्हा सुरू करायचा. नियम आईने केला होता. मालिकाच बंद करणे तिला शक्य नव्हते, दिवसभर एस.टी.त उभ्याने तिकिटे देऊन बुलढाण्याहून धाड या आमच्या गावी परतलेल्या माणसाची करमणूक हिरावून घेण्याइतकी ती कठोर नव्हती. पण त्या बाईचा आवाज या घरात ऐकू येता कामा नये, असे तिने एकदा सांगितले, आणि यावर चर्चा होणार नाही हेही त्याच वाक्यात सांगितले.

"घे, केली मुकी," बाबा रिमोट खाली ठेवत म्हणायचे. "आता त खूश ना, मॅडम?"

आई टीव्हीकडे पाठ करून टेबलाशी उत्तरपत्रिका तपासत बसलेली असायची. बाबांना तिचा ठरलेला संवाद पाठ असे, त्यामुळे आवाज नसतानाही ते योग्य ठिकाणी हसायचे, आणि ते हसले की आईच्या लाल पेनाचा आवाज किंचित वाढायचा.

मालिका पुण्यातल्या एका सधन कुटुंबाची होती. प्रशस्त दिवाणखाना, घरातही भरजरी साड्या, दार उघडले की तीन दिशांनी तीनदा दाखवला जाणारा एकच चेहरा. स्वयंपाकीण वऱ्हाडातली. लेखकाने तिला चहा आणायला, निरोप चुकवायला आणि हसवायला नेमले होते. मालकिणीने काहीही विचारले की तिचे ठरलेले उत्तर असे: "मले काय मालूम बाईसाहेब, मी त वऱ्हाडातली!" त्यावर मागून टुंई असा आवाज यायचा आणि दिवाणखाना हसायचा. काही आठवड्यांतच हे वाक्य लग्नाच्या मांडवात, कॉलेजच्या कट्ट्यावर, फोनवरच्या विनोदांत पोचले. धाडच्या आठवडी बाजारात मेथीचा भाव विचारला तर भाजीवाला तेच वाक्य त्याच सुरात म्हणून दाखवी आणि स्वतःच खूश होई. ज्यांची चेष्टा होत होती तेच ती सर्वांत उत्साहाने वाटत होते.

आई धाडच्या शाळेत मराठी शिकवते. ती इथलीच, जिल्ह्यातल्या घाटावरच्या भागातली. प्रमाण मराठी तिने मोठ्या कष्टाने कमावली आणि मग ती वर्गाला आणि मला, दोघांनाही सारख्याच कडकपणे शिकवली. वर्गात एखाद्याने 'मले' म्हटले की ती थांबते आणि पूर्ण वाक्य पुन्हा म्हणायला लावते. बाबा घाटाखालचे, शेगावकडचे. ते जसे जन्मले तसे बोलतात, आणि आईने लग्नानंतर पहिल्या काही वर्षांतच त्यांचा नाद सोडला. एके दिवशी कवितेचा अर्थ विचारल्यावर एका मुलाने उठून "मले काय मालूम मॅडम" असे थेट मालिकेच्या सुरात उत्तर दिले आणि साऱ्या वर्गाने टुंई केले. त्याच संध्याकाळी नियम लागू झाला.

मला हा नियम मान्य होता. त्या बाईचा मला आईपेक्षाही जास्त राग होता, आणि माझ्याकडे त्याचे अधिक ठोस कारण होते.

अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करताना मी लोणार सरोवराच्या क्षारयुक्त पाण्यात जगणाऱ्या जिवाणूंवर काम केले होते. त्याच विषयावर पुढे संशोधन करता यावे म्हणून पुण्यातल्या एका संस्थेत शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला आणि मुलाखतीला बोलावणे आले. मुलाखत इंग्रजीत असे. पण उमेदवाराचा ताण जावा म्हणून पहिली काही मिनिटे मराठीत गप्पा मारण्याची तिथे पद्धत होती. माझ्या बाबतीत ताण तिथूनच सुरू झाला. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "सरोवरातून नमुना घेताना पहिली काळजी काय घेता?" प्रश्न अगदी सोपा होता. पण आईने वीस वर्षे राखलेला दरवाजा नेमका त्या क्षणी उघडा राहिला. मी म्हणाले, "पानी हलवाचं नाही, सर."

सर मागे रेलले. शेजारच्यांकडे पाहून त्यांनी ते वाक्य म्हटले. तेच वाक्य, तोच सूर, 'वऱ्हाडातली'वर तोच झोका. सगळे हसले. त्यांच्या हसण्यात दुष्टावा नव्हता. त्यांना खरोखरच वाटत होते की त्यांनी माझा ताण घालवला. मीही हसले, कारण पाच जण हसत असताना सहाव्याचा चेहरा आपोआप तसा होतो. त्यानंतर मला जी उत्तरे झोपेतही देता आली असती ती आली नाहीत. नकार आला. संस्थेच्या नियमानुसार आणखी एकदाच अर्ज करता येत होता. पुढची मुलाखत दिवाळीनंतर होती. ती गेली की लोणारचे पाणी माझ्या हातून गेले. मग बी.एड. करून आईच्याच शाळेच्या आसपास कुठेतरी चिकटायचे, हा पर्याय बोलून न दाखवताही घरात तयार होता.

तो सगळा उन्हाळा आणि पावसाळा मी धाडला अभ्यास करत काढला. संध्याकाळी टेबलाच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी, आणि समोर बाबांची मुकी बाई. मला टीव्ही दिसत असे, आईला नाही. माझी चूक एवढीच की मी मान वर करून पाहिले.

मालकीण स्वयंपाकघरात येऊन त्या बाईला झापत होती. कशाबद्दल ते कळले नाही, कारण आवाज नव्हता. बाई कणीक मळत होती. माझ्या मनात पहिला आडाखा असा होता की ती आता दचकेल, डोळे मोठे करेल, पदर तोंडात धरेल. असल्या भूमिकांतल्या नट्या हेच करतात. तिने यातले काही केले नाही. परातीच्या कडेला चिकटलेली कणीक तिने बोटाने निपटली, गोळ्याला लावली, गोळ्यावर ओला हात फिरवला, वर ताट झाकले. मालकिणीचा चेहरा हसण्यासाठी तयार होऊन बसला होता आणि तो तयारीतच आंबला. मग बाईने हात धुतले आणि ओठ अगदी थोडे हलवून ते वाक्य म्हटले. बाबा हसले, पण नेहमीपेक्षा उशिरा.

"तिने तुम्हाला वाट पाहायला लावली," मी म्हणाले.

"कोनं?"

"त्या बाईने. संवाद आधीच यायला हवा होता. तिने आधी हातातलं काम संपवलं."

"हसाचं सोडून तू काय पाहून राह्यली वं?" बाबा म्हणाले. "परीक्षा हाये का तुही तिच्यावर?"

आई मान न वळवता म्हणाली, "तू अभ्यासाला बसली आहेस की त्यांच्यासोबत मालिका पाहायला?"

मी पुस्तकात पाहिले. पण प्रयोगशाळेत शिकलेल्या माणसाला एक खोड लागते: एखादा घटक काढून टाकल्यावर परिणाम बदलला तर तो घटक पुन्हा घालून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आई शाळेत आणि बाबा ड्यूटीवर असताना मी तोच भाग फोनवर आवाजासह पाहिला. आवाज घातला की दृश्य पूर्णपणे विनोदी होते. मळण्याच्या जागी ढोलकी, हात धुण्याच्या जागी घसरगुंडीचा आवाज, शेवटी टुंई. म्हणजे त्या बाईने जे केले होते त्यावर मागाहून कोणीतरी आवाजाचा लेप फासला होता. आईच्या नियमाने तो लेप आमच्या घरापुरता खरवडून निघाला होता, आणि आईलाच ते ठाऊक नव्हते, कारण ती पाठ करून बसत असे.

यात आनंद वाटण्यासारखे काही नव्हते. मला राग आला. ज्या बाईमुळे माझी शिष्यवृत्ती गेली ती निर्बुद्ध असणे मला सोयीचे होते.

म्हणून मी तिच्या चुका शोधायच्या ठरवल्या. रोज संध्याकाळी मुकी पाहायची, दुसऱ्या दुपारी बोलती पाहायची. चुका कमी सापडल्या. दिवाणखान्यात ती कधी मधोमध उभी राहत नसे. एक खांदा नेहमी दाराच्या चौकटीला लावलेला, जणू बोलावणे संपताच मागे सरकता यावे. स्वयंपाकघरात एकटी असली की मात्र ओट्यासमोर पाय रोवून ऐसपैस उभी राही. तीच उंची, तेच शरीर, पण घरातली जागा बदलली की तिचे वजन बदले. मालकिणीसमोर तिची बोली दाट होई, शब्द जाणूनबुजून आडवे पडत. गावाकडे मुलीला फोन लावला की तीच बोली हलकी, भरभर, धारदार. लेखकाने दोन्ही ठिकाणी सारखेच शब्द दिले होते, मी तपासले. फरक तिने केला होता. ती बाई मालकांसमोर अडाणीपणाचे सोंग घेते आणि सोंग घेताना दमते, हे कोणत्याही संवादात नव्हते.

आणि ते वाक्य. ते ती विनोद म्हणून म्हणतच नव्हती. बाबा भरलेल्या गाडीत 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणतात, त्या निर्विकारपणे म्हणत होती. त्याच्या आधी मात्र तिची नजर क्षणभर कुठेतरी जाऊन येई. मालकिणीने विचारले, धाकटा काल कुठे होता? नजर चपलांच्या कपाटाकडे, मग वाक्य. मालकिणीने विचारले, माझे औषध कोणी हलवले? नजर थोरल्या सुनेच्या खोलीच्या दाराकडे, मग वाक्य. मी मागचे अनेक भाग काढून पाहिले. सुरुवातीच्या भागांत हे नव्हते. तिथे वाक्य कुठेही टाकलेले होते, मिठासारखे. पुढे कधीतरी तिने ठरवून टाकले होते की ही बाई हे वाक्य फक्त तेव्हाच म्हणेल, जेव्हा तिला उत्तर माहीत आहे आणि ती ते देणार नाही. आणि मग आणखी काही भागांनंतर मालिकेचे कथानकच तिला काय माहीत आहे यावर फिरू लागले. नटीने उत्तर आधी दिले आणि लेखकाने प्रश्न मागाहून लिहिला. असा क्रम मी विज्ञानात पाहिला होता, मालिकेत पाहण्याची अपेक्षा नव्हती.

मी हे बाबांना सांगितले. सांगायला नको होते.

"म्हंजे तिले सगळं मालूम असते?" बाबांनी विचारले.

"हो."

"मंग सांगत काऊन नाही?"

"सांगून तिचा काय फायदा? खरं बोलली तर उद्या नोकरी जाईल. अडाणी आहे म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही."

त्या दिवसापासून ते वाक्य आले की बाबा हसायचे थांबले, आणि त्याबद्दल त्यांनी मला क्षमा केली नाही. "तुनं माही मालिका खराब केली," ते म्हणत. "दिवसभर पब्लिकच्या कटकटी आयका, अन् घरी येऊन बी हसाची सोय नाही. शिकवलं त हे असं होते."

चोरीच्या आळाचा भाग त्यानंतर आला. मालकिणीची अंगठी सापडत नव्हती आणि सगळ्यांसमोर बाईला तिची कापडी पिशवी दिवाणखान्यातल्या काचेच्या टेबलावर रिकामी करायला लावले. बाबांनी नियमाप्रमाणे आवाज बंद केला. पिशवीतल्या वस्तू हसण्यासाठी निवडलेल्या होत्या: दात तुटलेला कंगवा, तंबाखूची डबी, रबरबँडने बांधलेला चष्मा, एक उकडलेले अंडे. मी गृहीत धरले की अंडे घरंगळणार. त्याच्यासाठीच तर ते तिथे होते.

बाईने एकेक वस्तू काढून बाजारात पथारीवर माल मांडावा तशी सरळ ओळीत मांडली. अंडे काढले, काचेवर ठेवले, ते हलले. तिने कंगवा उचलून त्याला टेकू दिला. अंडे थांबले. मग रिकाम्या पिशवीची घडी घातली, घडी दाबून सरळ केली आणि तीही ओळीत शेवटी ठेवली. सर्व झाल्यावर तिने मालकिणीकडे पाहिले. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहत होती. बोलली काहीच नाही. ओठ हलले नाहीत, हे मुक्या टीव्हीवरही दिसत होते.

बाबा हसले नाहीत. मीही पेन खाली ठेवले होते.

आई वळली. "काय झालं? आज हसला नाहीत?"

"पाय," बाबा टीव्हीकडे बोट दाखवत म्हणाले. "तूच पाय."

आईने चष्मा कपाळावर सारून पाहिले. बाई वस्तू परत पिशवीत भरत होती. अंडे सर्वांत शेवटी. आईला त्यामागचे दिसले असावे, कारण भाग संपेपर्यंत तिने पुन्हा पाठ फिरवली नाही. जाहिरात सुरू झाल्यावर मी संधी साधली. आत्तापर्यंतची सगळी निरीक्षणे तिच्यासमोर ठेवली: चौकट, कणीक, नजर, वाक्य. मी म्हणाले की नटीने एका टाकाऊ विनोदी पात्राला माणूस केले आहे, आणि तू त्या पात्राचा आवाज बंद करून तिचे काम उलट स्पष्ट केलेस.

"झालं तुझं?" आई म्हणाली.

"हो."

"मला ती चांगली नटी आहे हे दिसलं. म्हणूनच मला तिचा जास्त राग येतो. वाईट नटी असती तर हे पात्र लोक महिनाभरात विसरले असते. हिने ते टिकाऊ केलं. आता उद्या वऱ्हाडी बोलणारी बाई म्हटलं की लोकांना कोण आठवेल? डॉक्टर? तहसीलदार? शिक्षिका? कामवालीच. फरक एवढाच की आता त्यांना तिची कणव येईल."

"म्हणजे तिने वाईट काम करायला हवं होतं?"

"तिने ते काम घ्यायलाच नको होतं."

"अवो, तिच्या नाही म्हनन्यानं थे लिवनारे सुधरनार हायेत का?" बाबा म्हणाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका."

"मध्ये कुठी? मी त कोपऱ्यात बसलो हाओ."

नटीने पात्र खोल केले, पण पात्राला बसवलेली जागा बदलली नाही. स्वयंपाकघर ते स्वयंपाकघरच राहिले. मात्र त्या संध्याकाळी मी हे मान्य केले नाही. मी म्हणाले, तू आवाज बंद केलास आणि पाठ फिरवलीस, मग तुला मत देण्याचा अधिकार नाही. न पाहिलेल्या प्रयोगावर कोणी अभिप्राय देत नाही. आई म्हणाली, "ज्या सुरात त्यांनी तुला हाकललं त्याच सुराची तू वकिली करतेस. मग दिवाळीनंतरही हाकलून घे." तिने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

यानंतर आमच्यात फक्त मुलाखतीपुरते बोलणे उरले, आणि तेही धड नव्हते. ती शाळेतून आली की मला समोर उभे करून प्रश्न विचारी. एक 'ण' घसरला की पट्टी टेबलावर आपटे. मग तिने तोडगा काढला: पहिल्या वाक्यापासून इंग्रजीत बोलायचे. त्यांनी मराठीत विचारले तरी.

"मराठीच्या शिक्षिकेचा हा सल्ला?" मी विचारले.

"आईचा सल्ला आहे. शिक्षिका घरी नाही आत्ता."

मी ऐकले नाही. आईला वाटले, मी हट्टाने तसे करते आहे. माझा हिशेब वेगळा होता. गेल्या वेळी घसरलेल्या शब्दाने माझे नुकसान झाले नव्हते. पुढचा शब्द घसरू नये म्हणून मी अर्धे डोके पहाऱ्यावर बसवले आणि उरलेल्या अर्ध्याला विज्ञान जमले नाही. इंग्रजीतही पहारा तोच राहिला असता. शिवाय मी हसले होते. त्या नटीला इतके आठवडे पाहिल्यावर मला एवढे नेमके कळले होते की विनोद दोघांनी मिळून पुरा होतो. एकाने टाकायचा, दुसऱ्याने चेहऱ्याने पोच द्यायची. ती पोच देत नव्हती. नकार देत नव्हती, भांडत नव्हती, फक्त हातातले काम संपवत होती. तेवढे मला करता येण्यासारखे होते. बोलीचा अभिमान वगैरे माझ्या मनात नव्हता. मला लोणारचे पाणी हवे होते.

दिवाळीनंतर पुण्याला गेले. समितीत तेच सर होते. बाकीचे बदलले होते. एक बाई नव्या होत्या, ज्यांनी सुरुवातीपासून माझ्या अर्जातून मान वर काढली नाही. गप्पांचा टप्पा आला. समितीतल्या एकाने फळ्यावर काढून दाखवायला सांगितले की पाण्याची क्षारता वाढत गेली तर माझ्या जिवाणूंची वाढ कशी बदलते. मी आलेख काढायला घेतला आणि मागून सर म्हणाले, "अरे, या तर आपल्या मागच्या वेळच्या! काय हो, या वेळी तरी माहीत आहे ना? की" — आणि ते वाक्य. सूर थोडा गंजला होता, मालिका जुनी झाली होती. खुर्च्यांतून हसण्याची सुरुवात ऐकू आली.

मी आडवा अक्ष पूर्ण केला. त्यावर एकक लिहिले. उभ्या अक्षावर एकक लिहिले. वक्र काढला, तो जिथे खाली वळतो तिथे खूण केली. मार्करला टोपण लावले. मग वळले.

"सर, त्या मालिकेतली बाई ते वाक्य जेव्हा तिला उत्तर माहीत असतं आणि द्यायचं नसतं तेव्हाच म्हणते. मला उत्तर माहीत आहे आणि द्यायचं आहे. देऊ?"

कोणी हसले नाही. कोणाला ते आवडलेही नाही. खोलीची हवा स्पष्टपणे माझ्याविरुद्ध गेली. सरांचा चेहरा हसण्याच्या तयारीत अडकून राहिला आणि मग त्यांनी तो पाण्याच्या पेल्यामागे नेला. नव्या बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली आणि कोरड्या आवाजात विचारले, "खूण केलेल्या बिंदूच्या खाली तुमच्याकडे किती निरीक्षणं आहेत?" मी सांगितले, फार थोडी. तिथून पुढे मुलाखत विज्ञानाची झाली. त्यात दोन प्रश्न मला आले नाहीत आणि मी माहीत नाही असे सरळ सांगितले. मध्ये कुठे माझा 'ण' घसरला असेल तर मला तो ऐकू आला नाही. माझे लक्ष तिथे नव्हते.

परतीच्या गाडीत बसण्याआधी आईला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला, "कोणत्या भाषेत बोललीस?"

मी सगळे सांगितले.

"मालिकेचा दाखला दिलास?" ती म्हणाली. "संशोधनाच्या मुलाखतीत? त्या स्वयंपाकिणीचं समर्थन केलंस?"

"समर्थन नव्हतं. निरीक्षण होतं."

"तेच ते." फोन बंद झाला.

निवडीची ई-मेल आली तेव्हा मी धाडलाच होते. आईने ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि पुण्यात राहण्याची सोय काय असे विचारले. दुसऱ्या दिवशी शाळेत पेढे वाटले. ते बाबांकडून कळले, आणि आणखी एक गोष्टही: "थे साऱ्यायले सांगून राह्यली का तू मुलाखत इंग्रजीतच देली. पुरी इंग्रजीत." बाबांना गंमत वाटत होती. मला वाटली नाही. मी आईला जाऊन विचारले. ती म्हणाली, "शाळेतल्या मुलींनी तुझ्याकडे पाहून काय करावं हे मला ठरवायचं आहे. तुला मिळालं ना हवं ते? मग माझ्या वर्गात ढवळाढवळ करू नकोस." मी पुण्याला निघाले त्या सकाळी ती शाळेत लवकर गेली होती. बाबांनी बुलढाण्यापर्यंत गाडीत सोबत केली आणि तिकीट काढू दिले नाही. स्वतःच्या खिशातून पैसे घालून मशीनमधून पावती मात्र काढली.

सर आता माझ्या वार्षिक आढावा समितीत आहेत. संस्थेत इतक्या विषयांचे इतके लोक असताना तेच का, हे मी विचारले नाही. मार्गिकेत समोरून आले तर ते भिंतीवरची सूचना वाचतात आणि मी फोन. पहिल्या आढाव्याला त्यांनी माझा अहवाल ओळ न ओळ वाचून आणला होता. विनोद केला नाही, मराठीत बोलले नाहीत, एकदाही आवाज चढवला नाही. पावसाळ्यानंतर घेतलेल्या नमुन्यांचे आकडे काढून त्यांनी विचारले की त्या दिवशी बाटल्या काठाच्या किती जवळ भरल्या होत्या. मी सांगितले. ते म्हणाले, तिथे गोड्या पाण्याचा झरा येऊन मिळतो; हे आकडे सरोवराचे नाहीत, झऱ्याचे आहेत.

झरा तिथे आहे. मी त्याच जिल्ह्यात वाढले आहे, मला माहीत असायला हवे होते. सगळा संच बाद झाला. पुढच्या आठवड्यात बाटल्या आणि बर्फाचा डबा घेऊन मी पुन्हा लोणारला जाणार आहे, काठापासून आत, योग्य जागी. चूक त्यांनी काढली, चूक खरी होती, आणि ती त्यांनी काढली हे मला अजून सहन होत नाही.